शेजारच्या सीटवर



अध्यक्षानं आभार मानावेत, चार सूचना कराव्यात आणि बसावं, हा आपला शिरस्ता. मी आज एकच मागणी करणार आहे. पण त्याआधी थोडं कडू बोलते.

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत, टार्नीट, ट्रुगनिना भागात आपण मराठी माणसांनी घरं घेतली. त्याच गल्ल्यांत दक्षिण सुदानी कुटुंबं राहतात. १९८३ ते २००५ चाललेल्या सुदानच्या यादवीतून निसटलेली, त्यांतली कित्येक केनियातल्या काकुमा छावणीत वर्षानुवर्षं काढून इथं पोचलेली. आपल्याला त्यांची ओळख झाली ती मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘आफ्रिकन गँग’ म्हणून. जानेवारी २०१८मध्ये केंद्रीय मंत्री पीटर डटन म्हणाले, की मेलबर्नचे लोक रात्री बाहेर जेवायला जायला घाबरतात. आपल्यातल्या किती जणांनी ते वाक्य मिटक्या मारत पुढे पाठवलं! अहो, २००९ साली याच शहरात मार खाल्लेले भारतीय विद्यार्थी आपलेच होते ना? ट्रेनमध्ये स्वतःच्या भाषेत मोठ्यानं बोलू नका, असा सल्ला तेव्हा आपल्याला मिळाला होता आणि तो किती झोंबला होता!

गुन्हे घडतात, ते मी नाकारत नाही. ज्याचं घर फोडलं त्याला समाजशास्त्र ऐकवू नये. पण ज्याची शाळा छावणीत बुडाली, त्या मुलाला काही महिने इंग्रजी शिकवून, नुसतं वय बघून दहावीत बसवलं की काय होतं, ते या सभागृहातल्या शिक्षकांना विचारा. बँकेत, दवाखान्यात आईचा दुभाषा तोच. मग संध्याकाळी ‘इतका उशीर का?’ हा आईचा प्रश्न तो कशाला मनावर घेईल? आईला वगळून मुलाला घडवायला निघालेले उपक्रम मला म्हणूनच अर्धवट वाटतात.

दक्षिण सुदानात बालसैनिक असलेले डेंग अदुत सिडनीत वकील झाले, २०१७ सालासाठीचा न्यू साउथ वेल्सचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. अशा माणसांची भाषणं जरूर ठेवा. पण भाषण तासाभरात संपतं. मुलाला हवा असतो दर शनिवारी न चुकता दारात येणारा साधा माणूस.

तो साधा माणूस होण्याची एक वाट गाडीतून जाते. इथं गाडीचा परवाना नाही तर गोदामातली पहाटेची पाळीसुद्धा मिळत नाही. आणि व्हिक्टोरियात एकविसाच्या आतल्या मुलाला परीक्षेआधी १२० तास कुणाला तरी शेजारी बसवून गाडी चालवावी लागते, त्यांतले २० रात्रीचे. आपल्या मुलांना बाबा असतात, गाडी असते. ज्या घरात आईकडेच परवाना नाही, तिथं हे तास आणायचे कुठून? त्यासाठी ‘एल टू पी’ योजना आहे. गाडी योजनेची, शेजारी बसणारा स्वयंसेवक.

मी बसते. पहिले काही शनिवार मुलगा ‘येस’, ‘नो’पलीकडे जात नाही. मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नये, हे त्याच्या घरचं वळण. तुमच्या-माझ्या घरीही होतंच की! शाळेत आणि पोलिसांपुढे मात्र तेच वळण लपवाछपवी ठरतं. गाडीत दोघांची नजर रस्त्यावर, त्यामुळे ती अडचणच उरत नाही. राउंडअबाउटला गिअर अडकतो, दोघंही हसतो, आणि पुढच्या सिग्नलला तो आपणहून सांगतो की त्याला इलेक्ट्रिशियनचं काम शिकायचंय, पण अर्ज कुणाकडे करायचा ते घरात कुणालाच ठाऊक नाही. खरं मार्गदर्शन तिथून सुरू होतं. त्याआधी उपदेशाचा एक शब्द काढू नका.

एक पथ्य मात्र पाळा. उपकार करायला जाणार असाल तर जाऊच नका. मुलांना ते लगेच कळतं. आणि सहा आठवड्यांत कंटाळणार असाल, तरीही नको. मध्येच सोडून गेलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

आता मागणी. या सभागृहात पूर्ण परवाना असलेले बहुतेक सगळेच आहेत. पोलिस तपासणी आणि मुलांसोबत काम करण्याची मंजुरी, एवढे सोपस्कार करावे लागतील. सोमवारी आपापल्या कौन्सिलला फोन करा आणि ‘एल टू पी’साठी नाव द्या.