रेडिओ-लहरींचा लगाम

भोपाळ शहराच्या पूर्वांगास पिपलानी, गोविंदपुरा आणि बरखेडा ह्या वसाहतींच्या सान्निध्यात हेवी इलेक्ट्रिकल्सचा विस्तीर्ण कारखाना आहे. १९५६ साली ह्या उद्योगाची स्थापना झाली आणि १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. येथे जन्मास येणाऱ्या प्रचंड विद्युत्‌जनित्रांना एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. जनित्र फिरू लागले म्हणजे ते लगेच वीजजाळ्यास जोडता येत नाही. त्याच्या दाबाची उंची, त्याच्या आवर्तनांचा वेग आणि त्या आवर्तनांतील क्षणाक्षणाची अवस्था, जिला शास्त्रज्ञ 'कला' म्हणतात, ही तिन्ही जाळ्याशी जुळावी लागतात. सिंक्रोस्कोपचा काटा योग्य जागी आला की मगच स्विच दाबला जातो. एकदा जोडणी झाली की जाळेच जनित्राला सांभाळते. ते किंचित पुढे धावले तर त्याच्यावर अधिक भार पडून ते मंदावते. मागे रेंगाळले तर भार हलका होऊन ते सावरते.

हा नियम भोपाळच्या कोणाही विद्युत्-अभियंत्यास मुखोद्‌गत असतो. परंतु येथून सुमारे १९० किलोमीटरवर असलेल्या इंदूर नगरीत हाच नियम एक कोटी पटींनी अधिक द्रुत गतीने पाळला जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वीजजाळ्यात सेकंदास ५० आवर्तने होतात. इंदूरच्या त्या यंत्रात ती ५० कोटी ५८ लक्ष होतात. त्या यंत्राचे नाव 'इंडस-२'.

होळकरांच्या सुखनिवास प्रासादाच्या परिसरात १९८४ साली एका प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. आज ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथे १९९९ साली 'इंडस-१' आणि २००५ साली 'इंडस-२' हे इलेक्ट्रॉन साठविणारे कणवेगवर्धक कार्यान्वित झाले. ह्या यंत्रांतील इलेक्ट्रॉनांचा प्रवास पायरीपायरीने होतो. प्रथम मायक्रोट्रॉन नावाचे यंत्र त्यांना २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा देते. तेव्हाच त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९ टक्क्यांहून अधिक झालेला असतो. पुढे एक लहान सिंक्रोट्रॉन त्यांना ५५ कोटींपर्यंत नेतो. अखेरीस १७२ मीटर परिघाच्या इंडस-२ च्या वलयात ते शिरतात आणि तेथे त्यांची ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढविली जाते. त्या वलयात एकेक इलेक्ट्रॉन सेकंदास सुमारे १७ लक्ष ३८ हजार प्रदक्षिणा घालतो. एका तासात ह्या प्रदक्षिणा सहा अब्जांवर जातात.

वळणावरून जाताना इलेक्ट्रॉन प्रकाश सांडतो. हाच तो सिंक्रोट्रॉन प्रकाश. १९४७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत तो प्रथम डोळ्यांना दिसला. त्या काळी तो ऊर्जेचा अपव्यय वाटे. आज तोच ह्या यंत्रांचे फळ होय. त्यातील क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांची रचना, मिश्रधातूंचे अंतरंग आणि उत्प्रेरकांचे कार्य संशोधक पाहू शकतात. परंतु सांडलेल्या प्रकाशाची किंमत इलेक्ट्रॉनांना मोजावी लागते. इंडस-२ मध्ये पूर्ण ऊर्जेच्या वेळी प्रत्येक प्रदक्षिणेत इलेक्ट्रॉन सहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जा गमावतो. ही तूट त्याच प्रदक्षिणेत भरून निघाली नाही, तर क्षणार्धात सारा झोत नलिकेच्या भिंतीवर आदळून नाहीसा होईल.

ही तूट भरून काढण्याचे काम रेडिओ-लहरी करतात. वलयात ठिकठिकाणी तांब्याच्या पोकळ कोठ्या बसविलेल्या असतात. पोकळ भांड्यात फुंकर मारली असता ते आपल्या ठरावीक सुरात घुमते, त्याप्रमाणे ह्या कोठ्या रेडिओ-लहरींनी घुमू लागतात. त्यांतील विद्युत्-क्षेत्र इलेक्ट्रॉनाला पुढे ढकलते. मात्र झोपाळ्यावरील मुलाला झोका द्यावयाचा तो नेमक्या क्षणी. क्षण चुकला तर तोच हात झोपाळ्याला अडवितो. इंडस-२ च्या वलयात रेडिओ-लहरींची बरोबर २९१ आवर्तने मावतात, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांना बसण्यासाठी २९१ घरे निर्माण होतात. दोन घरांतील अंतर सुमारे ५९ सेंटिमीटर असते.

येथे एक शंका सहज उद्‌भवते. अब्जावधी इलेक्ट्रॉनांपैकी प्रत्येकाने नेमक्या क्षणी कोठीपाशी यावे, हे घडते कसे? ह्याचे उत्तर १९४४ साली रशियाच्या वेक्स्लर ह्यांनी आणि १९४५ साली अमेरिकेच्या मॅकमिलन ह्यांनी स्वतंत्रपणे दिले. ज्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा थोडी अधिक, तो किंचित लांबच्या वाटेने जातो आणि म्हणून उशिरा पोहोचतो. त्या वेळी लहर उतरणीस लागलेली असते, त्यामुळे त्याला कमी धक्का मिळतो. ज्याची ऊर्जा कमी, तो लवकर येतो आणि त्याला मोठा धक्का मिळतो. अशा रीतीने पुढचा मागे येतो, मागचा पुढे सरकतो, आणि सारा पुंजका आपल्या घराच्या मध्याभोवती झुलत राहतो. भोपाळच्या जनित्राला जाळे सावरते ते ह्याच न्यायाने. दोहोंचे गणितही जवळजवळ एकच आहे.

परंतु निसर्गाने दिलेले हे संरक्षण लहर स्थिर असेतोवरच टिकते. लहरच डळमळली तर घरेच हलतात. म्हणून रेडिओ-लहरींच्या नियंत्रणयंत्रणेला अशा वेगवर्धकात प्राणवायूचे महत्त्व आहे. ह्या यंत्रणेला तीन गोष्टी अहोरात्र सांभाळाव्या लागतात: लहरीची उंची, तिची कला आणि कोठीचा सूर. कोठीतील क्षेत्राचा अल्पसा नमुना एका तारेच्या कडीने बाहेर काढला जातो व प्रमाण आंदोलकाच्या लहरीशी ताडून पाहिला जातो. जेवढी चूक दिसेल तेवढी दुरुस्ती लगेच परत पाठविली जाते. एका आवर्तनाचे ३६० अंश मानले तर इंडस-२ मध्ये कलेचा एक अंश म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष-कोटी भागांपैकी अवघे साडेपाच भाग. तेवढ्या वेळात प्रकाशदेखील दोन मिलिमीटर चालत नाही. पूर्वी हे काम जुन्या धाटणीची सदृश मंडले करीत. पुढे अंकीय पद्धती आली. आता नमुन्याचे आकड्यांत रूपांतर होते आणि एफपीजीए नावाची चिप त्या आकड्यांवरून दुरुस्ती ठरविते.

कोठीचा सूर सांभाळणे ही तर स्वतंत्र साधनाच होय. तांबे तापले की प्रसरण पावते. तापमान एका अंशाने वाढले तर ५० कोटी ५८ लक्ष कंपनांच्या कोठीचा सूर सुमारे साडेआठ हजार कंपनांनी उतरतो. म्हणून कोठीभोवती खेळणाऱ्या पाण्याचे तापमान अंशाच्या अल्पांशापर्यंत नियमित ठेवावे लागते, आणि उरलेली चूक कोठीस यांत्रिक रीतीने किंचित दाबून अथवा ताणून काढावी लागते. त्यात भर म्हणजे झोतही स्वस्थ बसत नाही; कोठीतून जाताना तो स्वतःची लहर उठवितो आणि नियंत्रकाला तीही हिशोबात धरावी लागते. जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन वलयात तर १९९० नंतरच्या दशकात असे आढळले, की चंद्राच्या ओढीने भूमी किंचित फुगते, वलयाचा परीघ मिलिमीटरभर बदलतो आणि कणांची ऊर्जा ढळते. समुद्राला भरती आणणारा चंद्र यंत्रशाळेतही हजेरी लावून जातो, तो असा.

लहर नियंत्रित करावयाची तर प्रथम ती प्रबळ करावी लागते. इंडस-२ मध्ये आरंभी हे काम क्लायस्ट्रॉन नावाच्या प्रचंड निर्वात नलिका करीत. अशी नलिका निकामी झाली की तिच्यावरील कोठी थंडावते, आणि नवी नलिका परदेशी निर्मात्यांकडून मिळेतोवर वाट पाहणे प्राप्त होते. इंदूरच्या अभियंत्यांनी त्यावर निराळा तोडगा काढला. काहीशे वॉट शक्तीचे अनेक ट्रान्झिस्टर-प्रवर्धक एकत्र जोडून त्यांनी पन्नास किलोवॉटांच्या घरातील प्रवर्धक येथेच घडविले. त्यांतील एखादा घटक बंद पडला तरी बाकीचे काम चालू ठेवतात. एका मल्लाच्या जागी शिस्तबद्ध पथक उभे करावे, तसाच हा प्रकार. ह्या देशी प्रवर्धकांनी क्लायस्ट्रॉनांची जागा घेतली.

ह्या खटाटोपाचा सामान्य माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. रेडिओ-लहर एका क्षणापुरती घसरली आणि झोत गेला, तर वलय पुन्हा भरावे लागते, ऊर्जा पुन्हा चढवावी लागते आणि दूरच्या विद्यापीठातून आपला नमुना घेऊन आलेल्या संशोधकाचे मोलाचे तास वाया जातात. दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. रुग्णालयांत कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्रही एक लहानसा रेषीय वेगवर्धकच असतो. त्याची लहर सेकंदास सुमारे तीन अब्ज कंपनांची असते. उपचार चालू असता यंत्र तापते, त्याचा सूर ढळतो, आणि स्वयंचलित नियंत्रकाने लहरीला त्या सुराच्या मागोमाग नेले नाही तर रुग्णाला मिळणारी मात्रा बदलू लागते. अशा वेळी संरक्षक मंडल किरण बंद करते. मुंबईच्या 'समीर' ह्या संस्थेने 'सिद्धार्थ' नावाचे असे यंत्र देशात सिद्ध केले आहे.

कणवेगवर्धक म्हटले की प्रचंड चुंबक आणि लांबच लांब बोगदे डोळ्यांसमोर येतात. त्यांचे वैभव खरेच आहे. परंतु ते वैभव ज्याच्या आधारावर उभे असते, तो आधार म्हणजे वेळ पाळण्याची शिस्त. यंत्र विकत आणता येते; शिस्त मात्र ज्याची त्यालाच अंगी बाणवावी लागते. भोपाळच्या जनित्रांनी सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याची शिस्त ह्या भूमीला शिकविली. इंदूरच्या वलयाने त्याच शिस्तीचा धडा एक कोटी पटींनी सूक्ष्म करून गिरविला आहे, आणि त्या धड्याची वही आता आपल्याच हातांनी लिहिली जात आहे.