उपचाराची हुंडी

काशीतील मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंदे घाट लागतो आणि त्याला लागूनच संकठा घाट. संकटांचे निवारण करणारी म्हणून जिची ख्याती, त्या संकठा देवीचे मंदिर या घाटाच्या वर, अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यात आहे. तेथून थोडे पुढे गेले की भोसले घाट येतो. मराठी माणूस या तीरावर परका नाही, हे सांगावयास घाटांची ही नावेच पुरेशी आहेत.

पेशवाईच्या काळी काशीयात्रेस निघालेला शहाणा गृहस्थ सारी रोकड कमरेला बांधून नेत नसे. वाट लांबची आणि चोराचिलटांची. पुण्याच्या सावकाराकडे तो पैसे भरी, थोडी हुंडणावळ देई आणि काशीच्या पेढीवरची हुंडी घेऊन निघे. काशीचा सावकार त्या यात्रेकरूला ओळखत नसे. तो ओळखे पुण्याच्या पेढीची पत. आपण आज दिलेला पैसा पुण्याहून नक्की परत मिळेल, या विश्वासावरच तो हुंडी सकारी. कागद एवढासा, पण त्याचे सारे मोल त्यामागच्या पतीत होते.

आज सरकारी आरोग्यविमा देशभर कसा चालतो हे समजून घ्यावयाचे, तर या जुन्या हुंडीची आठवण उपयोगी पडते.

अशी कल्पना करावी की सातारा जिल्ह्यातील ७४ वर्षांची एक वृद्धा यात्रेस आली आहे. पावसाळा नुकताच संपला आहे. गंगेचे पाणी उतरले आहे, पण गाळ अजून पायऱ्यांवर आहे. संकठा घाटावर तिचा पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. दोघे नावाडी तिला उचलून गल्लीबाहेर आणतात आणि कबीरचौऱ्याच्या सरकारी रुग्णालयाकडे नेतात. तिला तिथली भाषा येत नाही, पदराशी पैसा बेताचा. या वयात खुब्याची शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितके बरे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या देहाला शय्याव्रण आणि फुप्फुसाचा दाह गाठावयास वेळ लागत नाही. प्रश्न एवढाच की उत्तर प्रदेशातील रुग्णालयाने साताऱ्याच्या बाईवर कोणाच्या भरवशावर खर्च करावा?

आपल्या राज्यघटनेने रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. त्यामुळे राज्याने आपल्यापुरती योजना केली, तर तिचा हात सामान्यतः राज्याच्या सीमेपाशी थबकतो. आजार मात्र सीमा पाहून येत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने ही अडचण ओळखली होती. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण आणि अन्य राज्यांतही चालणारे कार्ड तिने दिले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला आणि संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली. पुढे २०१९ च्या आरंभी योजनेच्या कारभारासाठी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण स्थापन करण्याचा निर्णय झाला. आरंभी २०११ च्या सामाजिक व आर्थिक जनगणनेच्या आधारे १० कोटी ७४ लाख कुटुंबे पात्र ठरविली होती. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न न पाहता, या योजनेचे दार उघडले. आपली वृद्धा याच दाराने आत येते.

हे प्राधिकरण दिल्लीत बसून कोणाला औषध देत नाही. ते पात्र व्यक्तींची नोंदवही ठेवते, १,९०० हून अधिक उपचारप्रक्रियांचा दरतक्ता ठरविते, रुग्णालयांसाठी निकष घालते आणि अनेक राज्यांचे व्यवहार ज्यावर चालतात ती संगणकयंत्रणा सांभाळते. प्रत्यक्ष कारभार राज्यांच्या आरोग्य संस्थांचा. कोणी विमा कंपनीला हप्ता भरून ती चालवितात, कोणी स्वतःच रुग्णालयांची देणी भागवितात. उत्तर प्रदेश वा महाराष्ट्र यांसारख्या राज्यांत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांत केंद्राचा वाटा ९० टक्के होतो.

रुग्णालयातील आरोग्यमित्र वृद्धेचे कार्ड पाहतो आणि ओळख पटवितो. शस्त्रक्रियेच्या अनुमतीची मागणी तारेच्या वेगाने तिच्या मूळ राज्याच्या यंत्रणेकडे जाते. अनुमती मिळते, शस्त्रक्रिया होते आणि वृद्धेकडून पैसा न घेता तिला घरी सोडले जाते. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांचा संबंधित खर्चही यातच धरला आहे. मागाहून रुग्णालय आपला दावा पाठविते आणि महाराष्ट्र तो भागवितो. हुंडी साताऱ्याची, सकारली काशीने.

तथापि हुंडीची परीक्षा पेढीवर होते. राज्यांतर्गत दावा १५ दिवसांत आणि परराज्यातील दावा ३० दिवसांत चुकता व्हावा असा नियम आहे. नियम पाळला गेला नाही की पत उतरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील अनेक खासगी रुग्णालयांनी थकबाकीचे कारण देऊन या योजनेखालील रुग्ण घेणे थांबविले होते. हिशेब रुग्णालय आणि सरकार यांच्यामधला. दारातून परत फिरला तो मात्र रुग्ण.

नोंदवहीचीही तीच गोष्ट. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात सुमारे ७ लाख ५० हजार लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच दूरध्वनी क्रमांक आढळला आणि त्यातले सर्व आकडे नऊ होते. ओळख पटविण्यासाठी त्या क्रमांकाची गरज नसते, असा खुलासा सरकारकडून झाला. तो मान्य केला तरी एवढे खरे की जी नोंद कोणी वाचणार नाही असे लिहिणाऱ्याला वाटते, ती निष्काळजीपणे लिहिली जाते. आणि खोट्या हुंड्या वाढल्या की खरी हुंडीही पेढीवर संशयाने पाहिली जाते.

आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. ही हुंडी रुग्णालयाच्या खाटेपाशी सुरू होते. वृद्धा गावी परतली की रक्तदाबाची रोजची गोळी तिला स्वतःच्या पैशांतून वा सरकारी दवाखान्यातून मिळवावी लागते. केवळ रोजच्या औषधपाण्याचा खर्च या विम्यात बसत नाही. मोठ्या संकटाला ही व्यवस्था धावून येते. लहान लहान खर्चांनी झिजणाऱ्या संसाराला गावचे प्राथमिक आरोग्य केंद्रच आधार देऊ शकते. म्हणून विमा हा दवाखान्याचा पर्याय मानता येत नाही. दोन्ही हवेत, आणि दवाखाना आधी हवा.

पुण्याची हुंडी काशीत वटे, याचे कारण दोन्ही टोकांची माणसे आपला शब्द पाळीत. आजच्या व्यवस्थेत टोके अनेक आहेत: दिल्लीची नोंदवही, राज्याची तिजोरी, रुग्णालयाचा हिशेब आणि आरोग्यमित्राचे मेज. यांपैकी एकानेही शब्द मोडला तरी त्याची झळ लागते ती पायरीवर पडलेल्या माणसालाच. त्याच्यापर्यंत उपचार वेळेवर पोहोचले, तरच त्या कार्डामागे खरी पत आहे असे म्हणता येईल.