हुकूम, मजुरी आणि इमान



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने कुत्र्याच्या शिक्षणावर काय बोलावे, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. परंतु हुकूम कोणी द्यावा, आणि तो दुसऱ्याने का पाळावा, हा माझा रोजचाच विषय आहे.

आपले चारकोप १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने वसले, ते सामाईक चौकांभोवतीच्या लहान लहान भूखंडांवर. अशा चौकात पस्तीस-चाळीस किलोंचा अल्सेशियन किंवा रॉटवायलर हिसडा मारून सुटला, तर तो एकट्या मालकाचा प्रश्न उरत नाही. खेळणाऱ्या पोरांचा आणि काठी टेकीत जाणाऱ्या म्हाताऱ्यांचाही होतो. मग भीतीपोटी त्याला साखळीने जखडतात. जखडलेला कुत्रा अधिकच चिडतो, आणि एके दिवशी त्याला रस्त्यावर सोडून देण्याची पाळी येते.

लोक म्हणतात, "हट्टी आहे, एकदा धोपटा, मालक कोण ते कळू द्या." या समजुतीला शास्त्राचाही टेकू मिळाला होता. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांची भांडणे पाहून लिहिले, आणि कळपाचा नायक दांडगाईने ठरतो असा समज पसरला. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने तो अधिक फैलावला. पण १९९९ साली खुद्द मेक यांनीच दाखवून दिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. कोंडलेल्यांच्या भांडणावरून मोकळ्यांचा स्वभाव ठरवू नये.

हट्टी कुत्रा एवढेच विचारतो, "काम केले तर मजुरी काय?" तेव्हा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा त्याच्या नाकापासून डोक्यावरून हळूच मागे न्यावा. मान वर जाते, बूड खाली टेकते. त्या वेळी 'बस' हा शब्द एकदाच म्हणावा, आणि टेकताक्षणी तुकडा द्यावा. उशिरा दिलेली मजुरी कशाबद्दलची, हे त्याला उमगत नाही. दहा वेळा ओरडलात, तर पहिले नऊ हुकूम पाळायचे नसतात, हेच तो शिकतो. घरातल्या सर्वांनी शब्द एकच ठेवावा. रोज पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन पाठ पुरेत. आधी घरात, मग दारात, शेवटी चौकात. पट्टा ताणला की आपण थांबावे, सैल झाला की चालावे. आणि 'ये' म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला, उशिरा आला तरी, कधीही मारू नये. तिथे आपला शब्द पणाला लागलेला असतो. कुत्रा चावू लागला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. दुखण्यानेही तो चावतो.

१९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रडोरने स्फोटके हुडकून काढली. धाकाने कुत्र्याला गप्प बसविता येईल. असे काम त्याच्याकडून करवून घेता येणार नाही.

कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने कामगाराला पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती दिली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाने नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा ठरविला. दोन्ही कायद्यांनी हुकूम देणाऱ्याला आधी त्याचे कर्तव्य सांगितले. ते आपण पाळले, तर चौकात पोरेही खेळतील आणि कुत्राही नांदेल.