भाषांतराची उमेदवारी

(ज्ञातिमंडळाच्या वाशीम येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



टोकिओतील एका भाषांतर-संस्थेत विद्यार्थिनी म्हणून मी तीन महिने उमेदवारी केली. तिच्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी नाव घातले, तेव्हा ‘वाशीमची मुलगी जपानी शिकून काय करणार?’ असे पुष्कळांनी माझ्या वडिलांना विचारले होते. त्याचे उत्तर देण्याची संधी आज मी घेते.

जपानी भाषा आपणांस वाटते तितकी परकी नाही. मराठीप्रमाणेच तिच्यातही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या मागून लागतात. तिची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने चालते. बौद्ध धर्माबरोबर सिद्धम् लिपी व संस्कृतचा वर्णविचार तेथे पोहोचला, त्याची ही खूण होय. खरे कष्ट लिपीचे आहेत. हिरागाना व काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. त्यांखेरीज नित्यव्यवहारासाठी २०१० साली सरकारने निश्चित केलेली कांजी चिन्हे २,१३६!

संस्थेतील काम बहुधा रूक्ष असे: यंत्रांची माहितीपत्रके, करारनामे, व्यापारी पत्रव्यवहार. एकाने भाषांतर करावयाचे व दुसऱ्याने ते मुळाशी ताडून पाहावयाचे, असा तेथे दंडक होता. आम्हा उमेदवारांकडे प्रथम आकडे व नावे तपासणे आणि पारिभाषिक शब्दांच्या याद्या करणे एवढेच होते.

दुसऱ्या महिन्यात एक पत्र माझ्या हाती आले. त्यात शेवटी ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, असे होते. ‘विचार करून लवकरच निर्णय कळवू,’ असे मी त्याचे इंग्रजी केले. तपासणाऱ्या वयस्क बाईंनी मला जवळ बोलावून शांतपणे विचारले, “यातले ‘लवकरच’ मुळात कोठे आहे?” ते मुळात नव्हतेच! शिवाय असे शब्द पुष्कळदा सौजन्यपूर्ण नकाराचे असतात, हेही त्यांनी सांगितले. पत्र तसेच गेले असते, तर पलीकडचा व्यापारी आशेवर माल तयार करून बसला असता.

त्या क्षणी मला आपली घरे आठवली. मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘घरी विचारून कळवितो’ म्हणतात, त्याचा अर्थ वधूपित्यास कोणी समजावून द्यावा लागतो काय? मी मराठीतून विचार केला असता तर फसले नसते. त्या बाईंनी मात्र ‘नकार’ असेही लिहू दिले नाही. मुळात जितकी संदिग्धता, तितकीच भाषांतरात ठेवावी आणि ग्राहकास निराळ्या टिपेने सावध करावे, ही त्यांची शिकवण. आज संगणक क्षणात भाषांतर करून देतो. पण त्याने दिलेल्या शब्दांची जबाबदारी अखेर माणसासच घ्यावी लागते.

आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथील सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात, म्हणजे लोकांच्या भाषेत, रचले. याच शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. त्याच अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी १९१७-१८ च्या सुमारास अराई काम्पो हे जपानी चित्रकार येऊन राहिले होते. त्यांना आपला देश दूर वाटला नाही. मग आपल्या मुलांना त्यांचा का वाटावा?

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्तीत वैद्यक व अभियांत्रिकीबरोबर भाषेच्या विद्यार्थ्यांनाही, विशेषतः मुलींना, स्थान असावे. पालकांनी परदेशाचे आमिष दाखविणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देण्यापूर्वी मुलांना जपानी भाषेच्या पाच पायऱ्यांच्या परीक्षेस बसवावे. ती पुण्यासही देता येते. आणि सर्वांत आधी त्यांचे मराठी पक्के करावे. ज्याला स्वतःच्या घरातले न बोललेले कळते, त्यालाच दुसऱ्याच्या घरातले बोललेले नीट कळते. माझ्या वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे.