लगाम कधी सोडायचा?

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून केलाय. आपल्या मंठ्याच्याच एका श्रोत्याने पाठवली होती. भाऊ म्हणतो, "माळेगावच्या यात्रेतून तीन वर्षांचं घोडं आणलं. पळतं झकास, नाचतं पण. फक्त थांबत नाही. लगाम ओढला की मान वर करतं आणि अजून जोरात पळतं."

माळेगाव म्हणजे लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. तिथला बाजार घ्या नाहीतर तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा घ्या, घोडं दाखवताना आधी चाल दाखवतात, मग नाच. थांबणं बघायला मागणारा गिऱ्हाईक कमीच. रीलमध्ये तर पंधरा सेकंदांत थांबण्याला जागाच नसते. पण उद्या हेच घोडं वरातीत जाणार. नवरदेवापुढे घरातलं पाच वर्षांचं पोरगं बसवणार, पुढे डीजे, बाजूला फटाके. त्या वेळी नाच कामाचा नसतो, थांबणं कामाचं असतं.

तर आता लगाम नक्की काय करतो ते बघू. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये एक रिकामी जागा असते, नुसती हिरडी. लगामाची लोखंडी कडी तिथे बसते. जागा फार नाजूक. वादी ओढली की तिथे दाब येतो. आता घोड्याला काही जन्मतः माहीत नसतं की दाब म्हणजे 'थांब'. त्याला एवढंच कळतं की हे नको, हे जायला पाहिजे. मग तो प्रयोग करतो. मान वर करून बघतो, तोंड उघडतो, बाजूला ओढतो, पुढे पळतो. आणि ज्या क्षणी दाब जातो, त्या क्षणी तो जे करत होता तेच बरोबर उत्तर म्हणून त्याच्या डोक्यात बसतं.

हे नीट ऐका, कारण सगळा विषय इथेच आहे. दाब घोड्याला फक्त प्रश्न विचारतो. उत्तर बरोबर आलं हे त्याला दाब सुटल्यावर कळतं. भाऊच्या घोड्याने मान वर केली तेव्हा वरचा माणूस घाबरला असणार, हात सैल पडला असणार. घोडं शिकलं: मान वर केली की सुटका. असं चार-पाच वेळा झालं की झाला धडा पक्का. लोक म्हणतात घोडं हट्टी आहे. अहो, ते हुशार आहे, त्याला शिकवलं तेच ते करतंय.

ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हे नवीन नाही. नव्या गोऱ्ह्याला शिकवताना जाणता माणूस कासरा सारखा ताणून धरत नाही. ताणतो, गोऱ्हा वळला की लगेच ढिला. शिवाय त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात.

घोड्याची सुरुवातही जमिनीवरूनच करायची. वर बसायचंच नाही. म्होरकी घालायची, समोर पण जरा बाजूला उभं राहायचं, दोर हलकेच मागे दाबायचा. काही झालं नाही तर दाब हळूहळू वाढवायचा, झटका नाही. त्याने एक पाय मागे टाकला, की त्याच सेकंदाला दोर सैल. दोन सेकंदांनी नाही! दोन सेकंदांत त्याने कान हलवला असेल, डोकं झटकलं असेल, आणि शाबासकी त्यालाच मिळेल. मग पुन्हा. एक पाय जमला की दोन, मग चार. तसंच पुढे चालण्याचं. रोज पंधरा-वीस मिनिटं बास. हे इतकं पक्कं झालं पाहिजे की दोराला नुसतं बोट लागलं तरी पाय उचलला जावा.

मग खोगीर, मग स्वार, मग टाचांचा इशारा. इथे बरेच जण एक गोष्ट बिघडवतात. घोडा चालायला लागला तरी टाच चालूच, प्रत्येक पावलाला टक टक टक. तुमच्या फोनवर एखाद्या ॲपच्या दिवसाला दोनशे नोटिफिकेशन आल्या तर तुम्ही काय करता? म्यूट. घोडाही तेच करतो. माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर आहे हो ते, त्याला तुमची टाच कळत नाही असं कसं होईल? टाच हलकी लावायची, तो निघाला की पाय शांत. नाही निघाला तर इशारा वाढवायचा, पण निघाल्याबरोबर बंद.

आणि लगाम आणि टाच एकाच वेळी कधीही नाही. वरातीत बघा, पुढून लगाम ओढलेला, वरून टाचा चालू. घोडा जागच्या जागी उड्या मारतो, लोक म्हणतात काय नाचतोय! त्यात बराचसा गोंधळ असतो. ब्रेक आणि एक्सलरेटर दोन्ही दाबलेले.

घोडा किती बारीक वाचतो याची एक गोष्ट सांगतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणितं सोडवायचा म्हणे. उत्तराएवढ्या टापा मारायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं आणि 1907 मध्ये लिहिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सही चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, तेवढं तो पकडायचा. म्हणजे तुमची भीती, आवळलेल्या मांड्या, पुढे झुकलेली पाठ, हे सगळे घोड्यासाठी इशारेच आहेत.

अंगणात थांबणारा घोडा रस्त्यावर थांबेलच असं धरू नका. जागा बदलली की पुन्हा सोप्यापासून. आधी वाडा, मग बांध, मग कच्चा रस्ता, मग ट्रॅक्टर लांबून, मग जवळून, आणि सोबत एक जुना शांत घोडा. डीजे सगळ्यात शेवटी. आणि वादी सैल सोडल्यावर तो त्याच चालीत राहतो का, तेही बघत जा. सैल सोडताच वेग वाढला तर शिकवणं अजून बाकी आहे.

काही जण म्हणतील, कशाला एवढं, काटेरी लगाम घाला. तो कायद्याने बंद आहे, 1965 च्या केंद्राच्या नियमांत टोकदार लगामाला मनाई आहे. आणि कामाचाही नाही. दुखणारं तोंड दुखण्यापासून पळतं. जखम भरून कातडी जाड झाली की काटाही कळेनासा होतो. मग पुढे काय घालणार?

तर भाऊ, तुझं घोडं तीन वर्षांचं आहे. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षांचं वय उजाडतं, त्यामुळे जड माणूस बसवू नको, लांब दौड नको. आधी डॉक्टरला तोंड दाखव, दाढेची धार लागत असेल तर कुठलाही लगाम त्याला छळणारच. पाठ आणि खोगीरही तपासून घे. मग महिनाभर फक्त म्होरकी आणि दोर, रोज तीच वेळ. घरातल्या सगळ्यांनी एकच इशारा वापरायचा, नाहीतर तू एक शिकवशील आणि धाकटा दुसरंच. पुन्हा वर बसशील तेव्हा पहिले आठ दिवस चालीच्या पुढे जाऊ नको. दहा पावलं, थांब, वादी सैल. दहा पावलं, थांब, वादी सैल. आणि महिन्याने अजून एक व्हॉइस नोट पाठव.