तव्यावरच्या चिनी करंज्या

उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरची माणसं एकत्र बसून च्याओझी करतात. कुणी पारी लाटतं, कुणी सारण भरतं. आपल्या दिवाळीतल्या करंज्यांसारखंच. त्या तव्यावर खरपूस केल्या की ‘ग्वोथ्ये’, म्हणजे भांड्याला चिकटणाऱ्या.

आमच्या बचत गटाने बाजारात विकायला म्हणून त्या पहिल्यांदा केल्या आणि सगळ्या फुटल्या. गटाच्या पैशातला किलोभर मैदा वाया गेला. चूक एकच, कोबीचं पाणी काढलं नव्हतं.

आता आम्ही बारीक चिरलेल्या कोबीला मीठ लावून १५ मिनिटं ठेवतो, घट्ट पिळतो, मग आलं, लसूण, कांद्याची पात घालतो. तिकडे बहुतेकदा मांसही घालतात. मैदा गरम पाण्यात मळून अर्धा तास झाकतो.

खोलगट तव्यात तेलावर बूड तांबूस झालं की अर्धी वाटी पाणी घालून लगेच झाकण ठेवायचं. पाणी आटलं की झाकण काढायचं. उचलायची घाई नको; बूड कुरकुरीत झालं की त्या सहज सुटतात.

आमचा तोटा वहीत लिहिलेला आहे. तुम्ही आधी घरी थोड्याच करून बघा, मगच विकायचं ठरवा.