पाझर

मंडळी, आज आपण एकच शब्द घेऊ. पा-झ-र. तीन अक्षरे आहेत. एकदा मोठ्याने वाचू या.

हा शब्द आपल्याला नवा नाही. वाचता येत नव्हते, तेव्हापासून आपण तो बोलतो. माठ पाझरतो, भिंत पाझरते, असे आपण म्हणतो. थेंब थेंब झिरपणे म्हणजे पाझरणे. जमिनीच्या पोटातून असे झिरपत येणारे पाणी, तो पाझर. तो वाहू लागला की आपण त्याला झरा म्हणतो.

आता सांगा, माठात पाणी भरलेच नाही, तर माठ पाझरेल काय? नाही. विहिरीचेही तसेच आहे.

आपल्या नाशिककडचा खडक काळा आणि टणक. नुसत्या दगडात पाणी मुरत नाही. पण खडकाला भेगा असतात, मधे मुरूम असतो. पावसाचे पाणी त्या वाटेने आत उतरते आणि खाली कुठेतरी बाहेर येते. आपली गोदामाईच पाहा. तिचा उगम त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. मग ती गंगाद्वारी दिसते, पुढे कुशावर्तात दिसते. मधली वाट दिसत नाही. म्हणून जुनी माणसे म्हणतात, गोदावरी गुप्त झाली आणि पुन्हा प्रगटली.

ही वाट बुजूही शकते. नाशिकला गोदावरीतल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडे पडले. धरणातच पाणी कमी होते, हे खरे. पण तळ बंद केल्यावर खालचा पाझर तरी येणार कोठून? म्हणून तळ मोकळा करा, अशी मागणी नाशिककरांनी केली.

आपण गावात काय करतो? ओढा बुजवतो आणि बोअर खोल नेतो. शेजाऱ्याच्या विहिरीचा पाझर आपल्या बोअरला लागला, तर गावाचे पाणी वाढले काय? नाही. फक्त धनी बदलला.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. असा तलाव आटला की लोक म्हणतात, तलाव फुकट गेला. तसे नाही. त्याला पाट नसतो. त्याने पाणी जमिनीला पाजायचे असते. ते खालच्या विहिरींना मिळते. तळाशी गाळ बसला, की मुरणे थांबते. मग गाळ कोणी काढायचा? ज्यांच्या विहिरी खाली आहेत, त्या आपण सर्वांनी.

कठोर माणसाला दया आली, की आपण म्हणतो, दगडाला पाझर फुटला. पण दगडाला पाझर फुटतो, तो आधी वरून पाणी मुरलेले असते म्हणून.

आता पाटी घ्या. लिहा, मुरणे. त्याच्याखाली लिहा, पाझर. ह्याच क्रमाने लिहा. क्रम उलटा करून चालत नाही.